इंजिनाचा आवाज

अर्धांगवायूने ह्यांचा उजवा हात गेला, तेव्हा नवघरचं आमचं छोटं गॅरेज बंद करायचं ठरलं होतं. पण हे म्हणाले, "तू फक्त हात चालव, मी सांगतो." पहिलीच गाडी शेजाऱ्यांची, जुनी. इंजिनाचा बिघडलेला सेन्सर मी बदलला. मग ह्यांनी बॅटरीची वायर काढायला लावली. अर्धा तास तशीच ठेवली की गाडीचा कॉम्प्युटर जुनं विसरतो आणि नव्या सेन्सरप्रमाणे शिकतो, म्हणाले. वायर जोडून गाडी चालू केली. इंजिन आधी धडधडलं, मग हळूहळू एका लयीत आलं. आनंदात मी पदरालाच हात पुसले.

खुर्चीतून हे म्हणाले, "अगं, मिसिंग मारतेय, मधेच ठोका चुकतोय. परत काढ वायर."

मी परत काढली, अर्ध्या तासाने जोडली. आवाज तसाच, स्वच्छ.

"अजून मारतेय," हे म्हणाले.

गाडी न्यायला आलेले शेजारी हसले. "भाभी, गाडी तो मक्खन है. भाईसाब के कान में मिसिंग है."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला लोकांसमोर बोलता येत नाही. मी बॉनेट लावलं आणि चावी शेजाऱ्यांच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी मी शटर उघडू का विचारलं, तर हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.