कुसुमबाईंच्या माहेरकडून आलेलं

सेवाग्रामच्या पलीकडे बंडूजी आणि कुसुमबाई यांची भाजीची वाडी आहे. बंडूजी वांग्यांना, मेथीला पाणी देतात आणि कुसुमबाई माल घेऊन वर्ध्याच्या बाजारात बसतात. त्यांना एकच मुलगा, नीरज. त्याच्या लग्नाला बरीच वर्षं झाली तरी घरात मूल आलं नव्हतं. सून जयाच्या सगळ्या तपासण्या झाल्या, त्यात काहीच निघालं नाही. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला घेऊन यायला सांगितलं.

कुसुमबाईंना ते रुचलं नाही. एवढा धडधाकट मुलगा, फवारणीचा पंप पाठीवर घेऊन दिवसभर फिरतो, त्याला काय होणार, असं त्या म्हणाल्या. जयाच्या दंडाला त्यांनी कुठल्याशा बाबाकडचा काळा दोरा बांधला होता, त्यावर त्यांचा जास्त भरवसा होता.

नीरज मात्र गेला. त्याच्या वीर्यात शुक्राणू अगदीच थोडे निघाले. रक्तात पुरुषी हार्मोन मात्र भरपूर, नेहमीपेक्षा थोडं जास्तच. डॉक्टरीणबाईंनी त्याला सदरा काढायला सांगितला. वयात आल्यापासून नीरजची छाती किंचित फुगीर होती, त्यामुळे तो मित्रांसमोरही कधी बनियन काढत नसे. त्याबद्दल त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं. त्याचं रक्त बाहेरगावी तपासायला गेलं. उत्तर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी त्याच्या आईलाही बोलावून घेतलं.

त्या म्हणाल्या, "शुक्राणू पूर्ण तयार व्हायला हे हार्मोन लागतं. ते नीरजकडे आहे. पण वृषणातल्या पेशींमध्ये एक प्रथिन असतं, रिसेप्टर म्हणतात त्याला. त्यानं हार्मोनला धरलं, तरच त्या पेशी पुढचं काम करतात. नीरजचं हे प्रथिन जन्मापासून जरा वेगळं घडलंय. ते हार्मोनला नीट धरत नाही, म्हणून शुक्राणू अर्ध्यातच थांबतात."

मग त्यांनी सांगितलं, की ही घडण आईकडून येते. आईला स्वतःला त्याचा त्रास नसतो, कळतही नाही. माहेरी भावांपैकी कोणाला मूल नव्हतं का, असं त्यांनी विचारलं.

कुसुमबाईंनी हो म्हटलं. त्यांचा एकच भाऊ होता, तानबा. तो वारून काही वर्षं झाली होती. तोही नदीवर सगळ्यांसोबत बनियन घालूनच आंघोळ करायचा, पोरं त्याला त्यावरून हसायची. त्याच्या पहिल्या बायकोला, पर्बताबाईला, मूल होत नाही म्हणून माहेरी पाठवून दिलं होतं. दुसरी केली, तिलाही झालं नाही. तेव्हा लोक म्हणाले, पहिलीची हाय लागली.

घरी आल्यावर कुसुमबाईंनी जयाला जवळ बसवलं आणि विळ्यानं तिच्या दंडावरचा दोरा कापून टाकला. जया उठून चहा ठेवायला गेली आणि तिथे चुलीपाशी उभ्या उभ्या रडली.

दुसऱ्याच आठवड्यात कुसुमबाई नीरजला घेऊन हिंगणघाटला गेल्या. पर्बताबाई तिथे भावाच्या घरी राहत होती. हातपाय चालत होते तोवर तिनं कापसाच्या जिनिंगमध्ये काम केलं होतं. इतक्या वर्षांनी नणंदेला दारात बघून तिनं आधी पाणी दिलं, मग काऊन आली म्हणून विचारलं.

कुसुमबाईंनी डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं जमेल तसं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "वैनी, दोष तुह्यात नव्हता. माह्या भावात होता."

पर्बताबाईनं विचारलं, "त्यायले ठाऊक होतं?"

"नाई. कोणालेच ठाऊक नव्हतं."

पर्बताबाईनं आतून म्हाताऱ्या भावाला हाक मारली, भावजयीला आणि त्यांच्या सुनेलाही बोलावलं. या सुनेच्या ओटीभरणाला पर्बताबाईला, मूल न झालेली म्हणून, मागच्या खोलीत बसवलं होतं, हे कुसुमबाईंना नंतर कळलं. सगळे येऊन बसल्यावर ती म्हणाली, "आता हेच यायले सांग. पुन्यांदा, सुरुवातीपासून."

कुसुमबाईंनी पुन्हा सांगितलं. मधेच त्या अडखळल्या तेव्हा नीरजनं पुढचं सांगितलं, स्वतःच्या शुक्राणूंचं, छातीचं, सगळं, परक्या बायांसमोर मान वर ठेवून. भाऊ खाली बघत ऐकत होता. सून उठून पर्बताबाईच्या शेजारी येऊन बसली. जेवल्याशिवाय सुनेनंच पाहुण्यांना जाऊ दिलं नाही.

नीरजच्या थोड्या शुक्राणूंवर नागपुरात प्रयोगशाळेत प्रयत्न करता येईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पण खात्री नव्हती. मुलगी झालीच, तर हीच घडण तिच्याकडे जाणार होती. नीरज आणि जयानं विचार करायला पावसाळाभर वेळ घेतला आणि मूल दत्तक घ्यायचं ठरवलं. सध्या ते वाट बघताहेत.

बाजारात बाया अजून विचारतात, सुनेला काही आहे का म्हणून. कुसुमबाई मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत सांगतात, "सुनेले काईच झालं नाई. पोरात आहे ते, आन् माह्याकडून आलं."

काही बाया जुडी उचलून निघून जातात. काही जवळ सरकून हळूच विचारतात, तपासणी कुठं करून देतात म्हणून.