काचेच्या कापडाची होडी

१९५८ साली मोरिवलीच्या एका शेडमध्ये बिनलाकडाच्या होड्या बनू लागल्या. काचेच्या बारीक धाग्यांचं कापड साच्यावर पसरायचं, वरून राळेसारखं चिकट रसायन चोपडायचं, पुन्हा कापड. वाळलं की दगडासारखं टणक. पाण्यात कुजण्याचं भय नाही.

कापड कापायला गावातल्या बायका घेतल्या. त्यात सखू होती. भातलावणीत वाकून वाकून धरलेली तिची कंबर तिथे मोकळी झाली. काम तिला आवडलं. पण थोड्याच दिवसांत हातांवर पुरळ उठलं, कोपरापर्यंत कातडी लालभडक होऊन सोलपटली. इतर बायकांना जराशी खाज सुटे, एवढंच. सखूला कुणाला विचारायचा धीर होईना.

नणंदेच्या हळदीला ती पदराखाली हात घेऊन बसली होती. चुलतसासू बनूबाईने वाटी पुढे केली.

"लाव गो नवरीला. लाजतेस कनाला?"

हात बाहेर आले आणि गाणारणी गप्प झाल्या. "अगो बाय, ह्यो तं महारोग!" कुणीतरी पुटपुटलं. बनूबाईने वाटी मागे ओढली.

त्याच संध्याकाळी नवऱ्याने, कमळाकरने, सगळ्यांदेखत सांगितलं, "हिचं ताट आजपासून पडवीत."

सखूने आपलं ताट उचलून पडवीत नेलं.

दुसऱ्या दिवशी कमळाकर तिचं काम सोडवायला शेडमध्ये गेला. बाळाजी मिस्त्री साच्यातून होडी उचलत होते.

"बोलू मागाहून. आधी ही बाजू धर."

उघड्या खांद्यावर कमळाकरने खडबडीत काठ घेतला. होडी खाली ठेवेपर्यंत मान चरचरू लागली. तो खाजवायला लागला तसे मिस्त्री म्हणाले, "चोळू नको. काच आहे ती, आत रुतते. गार पाणी ओत. काहींना फारच बाधते."

कमळाकर कशाला आला होता, ते सांगायचं राहूनच गेलं.

रात्री तो आपलं ताट घेऊन पडवीत सखूशेजारी बसला. मान वर करवेना.

"कामानं झालंय, सांगितलं का नाय?"

"मना सोताला वाटलं, खरंच महारोग झालाय," सखू म्हणाली.

त्याने हातातला घास ताटात परत ठेवला. नुसत्या एका कुजबुजीवर आपण बायकोला उंबऱ्याबाहेर बसवलं, तिला एक शब्दही न विचारता.

सकाळी तो बनूबाईकडे गेला, चार बायकांसमोर आपली मान दाखवली, सगळं सांगितलं. बनूबाई हसून म्हणाली, "मंग आधीच सांगायचं ना रं!" बायकाही हसल्या. त्याला हसू आलं नाही.

लांब बाह्यांचं पोलकं शिवून सखू कामाला जात राहिली. हात बरे झाले. पण त्यानंतर गावात लग्न असलं की ती आहेर देऊन पंगतीआधीच निघायची. कमळाकरने थांबायचा आग्रह कधी केला नाही. तोही तिच्याबरोबर उपाशीच निघायचा.