वीज कंपनीला दादाचा फोन

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे एक जागा अशी येते, की तिथे हसावं की गप्प बसावं हे तुम्हाला कळणार नाही. माझंही अजून ठरलेलं नाही. चहा मात्र पीत राहा. गोष्ट माझ्या मूर्खपणाची आहे, म्हणजे लांबणारच.

तर मी नितीन. शिक्षण नववी, आणि तीही वर्गशिक्षकांच्या दयेने. कॅनडातल्या किचनरमध्ये एका इंडियन रेस्टॉरंटात तंदूरवर असतो. मला इथे आणलं माझ्या थोरल्या भावाने, महेशदादाने. तो इंजिनियर. आधी जन्मून घरातली सगळी अक्कल त्याने उचलली होती. घर त्याचं. वर तो आणि अर्चनावहिनी, खाली बेसमेंटमध्ये मी.

फेब्रुवारीत दादा गेला. ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने शोव्हल करता करता पडला, तो उठलाच नाही. त्या सकाळी शोव्हल करायची पाळी माझी होती. मी झोपलो होतो. यावर मी आणखी काही बोलणार नाही आणि तुम्हीही विचारू नका.

तेव्हापासून मी घरात नुसता उपयोगी पडत सुटलो. गळका नळ घट्ट करायला गेलो, नळ हातात आला. मागचं कुंपण रंगवलं, ते शेजाऱ्याचं निघालं. वहिनी काही म्हणायच्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त "असू दे भाऊजी" म्हणायच्या आणि आपल्या निळ्या फाइलकडे वळायच्या.

त्या फाइलमध्ये दादाच्या नावावरचा एकेक कागद वहिनींच्या नावावर होत होता. गाडी झाली, फोन झाला. उरलं घर. बँकेने सांगितलं होतं, महिनाअखेरपर्यंत विजेचं खातं तुमच्या एकटीच्या नावावर झाल्याचा कागद आणा, तो आला की घराचं काम पूर्ण. नाही आला तर घराच्या कर्जासाठी सगळं पहिल्यापासून अप्लाय करायचं, आणि एकटीच्या पगारावर या वेळी घर टिकेल याची खात्री नाही. वहिनींनी वीज कंपनीला दादाच्या मृत्यूचा दाखला पाठवला होता आणि रोज टपालपेटी उघडून बघत होत्या.

एके दिवशी पेटी मी उघडली. इथपासून माझं कर्तृत्व सुरू होतं.

आत वीज कंपनीचं रंगीत पत्रक. भिंतीवर ती चकती असते ना, घर किती थंड किती गरम हे ठरवणारी, थर्मोस्टॅट? तो नवा स्मार्ट थर्मोस्टॅट बसवा, आमच्या योजनेत सामील व्हा, बिलात सूट मिळवा. फोन फक्त खातेदाराने करावा. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'प्रिय महेश'.

मी फोन लावला. वहिनींना सरप्राइझ द्यायचं होतं. पलीकडून एक गोरी बाई गोड आवाजात म्हणाली, "हाय! इज धिस महेश?"

आता बघा, चार महिने सगळे लोक दादाचं नाव खालच्या आवाजात घेत होते. आपल्या माणसांच्या गेट-टुगेदरमध्ये कुणी 'महेश' म्हणालं की बाकीचे हातातला समोसा खाली ठेवायचे. आणि ही बाई असं विचारत होती, जणू दादा वॉशरूममध्ये गेलाय आणि आत्ता बाहेर येईल. तिला 'नाही' म्हणायचं माझ्या जिवावर आलं.

मी म्हणालो, "यस."

तिने जन्मतारीख विचारली. सांगितली. पोस्टल कोड, फोन नंबर, सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एका परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क मिळवले, आणि तेही दादाच्या नावावर. मग तिने विचारलं, दिवस कसा चाललाय? मी म्हणालो, "व्हेरी गुड." दादाचा!

मग तिने योजना समजावली. माझं इंग्रजी तंदूरपुरतं. मला कळलं ते असं, की ऐन उन्हाच्या दिवशी, सगळं गाव एसी लावून बसतं त्या वेळेला, तुमच्या घराचं तापमान कंपनी स्वतः सांभाळेल. मी भारावलो. आमच्या जालन्यात उन्हाळा आला की वीज कंपनी फक्त वीज घालवते, आणि इथली कंपनी घरोघर जातीने थंडावा बघते! तिने संमती आहे का विचारलं. मी दादाच्या वतीने तीनदा यस म्हणालो. एकदा पुरलं असतं.

थर्मोस्टॅट आला, मी बसवला. वहिनींना सांगितलं की ही ऑफर सगळ्यांनाच होती. त्यांनी चकतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बऱ्याच दिवसांनी म्हणाल्या, "छान आहे." मी दोन दिवस हवेत होतो.

मग तो सोमवार आला. सोमवारी माझी सुट्टी. बाहेर अशी आग, की ड्राइव्हवेवर रोटी भाजली असती. वहिनी वरच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये. मी सकाळीच बजावलं होतं, आज बघाच वहिनी, घराचं महाबळेश्वर होतं की नाही.

दुपारी चारच्या सुमाराला एसी बंद पडला. घर तापायला लागलं. पंचवीस झालं, सव्वीस झालं, सत्तावीस झालं. वहिनी ओढणीने वारा घेत जिन्यावर आल्या आणि विचारलं, "भाऊजी, हे महाबळेश्वर कुठल्या बाजूचं?"

तुम्ही माझ्या जागी असता तर पत्रक पुन्हा वाचलं असतं. माझ्या डोक्यात काय आलं असेल? माझ्या डोक्यात आलं की घरात कर्ता माणूस राहिला नाही हे कंपनीला कळलंय, म्हणून आता हे लोक आम्हाला दाबतायत. आता माझ्याशी गाठ आहे म्हणावं. मी फोन घेऊन मागच्या अंगणात गेलो.

या वेळी पलीकडे हरमन नावाचा आपल्याकडचाच मुलगा होता. माझं इंग्रजी ऐकून तो दयाळूपणे हिंदीवर आला. मला वाटलं, चला, आता नीट भांडता येईल.

"कौन बोल रहे हैं?"

"महेश. घर का मालिक. हम इधर गरमी से मर रहे हैं और तुम लोग एसी बंद करके बैठे हो."

त्याने शांतपणे समजावलं. उन्हाच्या दिवशी सगळ्यांचे एसी एकदम चालले की विजेवर ताण येतो. म्हणून योजनेतल्या घरांचं तापमान कंपनी थोडा वेळ वाढवते. त्यासाठीच तर सूट दिली.

मी विचारलं, "मतलब लोडशेडिंग?"

"आप वैसा समझ लीजिए."

ऐकलंत? जालन्याहून निघून सात समुद्र ओलांडून मी स्वतःच्या हाताने, वर बक्षीस घेऊन, भावाच्या घरात लोडशेडिंग बसवलं होतं. फरक एवढाच, की जालन्यात न विचारता करतात आणि इथे आधी आभार मानतात.

मला फोन ठेवता आला असता. ठेवला नाही. मी म्हणालो की मालकाला न विचारता मालकाच्या घरात असं कसं करता. हरमन म्हणाला, एक मिनिट, खातं बघतो. टकटक ऐकू आली.

"महेशजी, बुरा मत मानिए. हमारे पास एक काग़ज़ आया है. अभी चेक नहीं हुआ. उसमें लिखा है कि आप गुज़र गए हैं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"किसी ने ग़लती से भेजा होगा. हटा दूँ?"

तीच ती जागा. तुम्हाला सुरुवातीला सांगितलं होतं ना?

तो वहिनींचा कागद होता, हे मला माहीत होतं. घर त्यावर अडलंय, तेही माहीत होतं. पण ज्या माणसाने चार महिन्यांत पहिल्यांदा विचारलं की दादाचं मरण काढून टाकू का, त्याला काय उत्तर द्यायचं? हॉस्पिटलात कुणी विचारलं नव्हतं. स्मशानात कुणी विचारलं नव्हतं.

मी म्हणालो, "हटा दो."

टक. झालं. दादा जिवंत.

जाता जाता हरमन म्हणाला, सर, एसी लगेच हवा असेल तर चकतीवर एक बटण आहे, ते दाबा, योजना आजच्यापुरती थांबते. एक बटण! मी आत जाऊन दाबलं. पाच मिनिटांत घर गार व्हायला लागलं. वहिनी म्हणाल्या, "कमाल केलीत भाऊजी." मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, विनय.

आठवड्याने पत्र आलं. मी रात्रीच्या पिठाचे गोळे करून आलो होतो, हात पिठाचे. वहिनींनी कागद टेबलावर माझ्यासमोर ठेवला आणि मराठीत समजावून सांगितला. आपल्या पतीच्या निधनाची नोंद चुकीची असल्याचं त्यांनी स्वतः फोन करून कळवलं आहे. त्यामुळे खातं त्यांच्याच नावावर चालू राहील. झालेल्या मनस्तापाबद्दल दिलगीर आहोत.

महिना संपायला नऊ दिवस होते.

वहिनी रागावल्या नाहीत. नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "कंपनीला फोन केला म्हणे ह्यांनी. मला नाही केला."

मी हातावरचं पीठ सोलत बसलो. मग सगळं सांगितलं, पहिल्या 'यस'पासून. बटणाचंसुद्धा. वहिनींनी ऐकून घेतलं, खुर्ची ओढली, कंपनीला फोन लावून स्पीकरवर टाकला आणि माझ्यापुढे सरकवला. म्हणाल्या, "तुम्ही जिवंत केलंत ना? मग आता तुम्हीच सांगा."

चार महिने मी ते वाक्य एकदाही उच्चारलं नव्हतं, बरं का. रेस्टॉरंटच्या मालकाला 'फॅमिली प्रॉब्लेम' सांगितलं होतं. जालन्याला आईशी बोलतानाही नुसतं 'दादाचं ते' म्हणायचो. पलीकडून आवाज आला, नमस्कार, कशी मदत करू? मी म्हणालो, मी महेशचा भाऊ. वहिनी टेबलाकडे बघत होत्या.

"महेश इज डेड," मी म्हणालो. "फेब्रुवारी. आधी फोन केला तो मी होतो."

पलीकडचा माणूस सावरून म्हणाला की वाईट वाटलं ऐकून, पण आता नुसतं बोलून चालणार नाही, कारण खातेदाराने स्वतः जिवंत असल्याचं दोन वेळा रेकॉर्डवर सांगितलेलं आहे. दाखला पुन्हा पाठवा. आणि ज्याने खातेदार म्हणून फोन केला, त्याने वकिलासमोर शपथेवर लिहून द्यावं, की तो तो नव्हता.

वकीलबाईंचं ऑफिस मॉलमध्ये होतं, नेल सलूनच्या शेजारी. मजकूर वहिनींनी सांगितला, लिहिला मी. मी, खाली सही करणारा, शपथेवर सांगतो की मी माझा भाऊ नाही. वकीलबाईंनी दोनदा वाचलं आणि विचारलं की असं लिहून देण्याची गरज का पडली. वहिनी म्हणाल्या, "ही वॉज हेल्पिंग." आणि दोघी हसल्या. वहिनींना मी फेब्रुवारीनंतर हसताना तेव्हा पाहिलं. माझ्यावर हसत होत्या, पण हसत होत्या.

मुदतीला दोन दिवस उरले असताना खातं वहिनींच्या नावावर झालं. बँकेने कागद घेतला. घर राहिलं.

शेवटी खात्री करायला फोन केला, तर नेमका हरमन. त्याने मला आवाजावरून ओळखलं. सगळं ठीक आहे म्हणाला, फक्त खात्यावर एक लाल नोंद आहे, ती नियमाने वाचून दाखवावी लागते. नोंद अशी, की या घरातून भावाचा फोन आल्यास त्याच्या सांगण्यावरून कोणतीही कारवाई करू नये.

मला लागलं ते. मी म्हणालो, "हरमनभाई, वो भी हटा दो ना."

"वो सिर्फ़ खातेदार हटवा सकता है, सर."

खातेदार शेजारीच बसली होती. मी वहिनींकडे पाहिलं.

वहिनी फोनकडे वाकल्या आणि म्हणाल्या, "रहने दीजिए. अच्छा लिखा है."