मी आडवा केलेला नारळ

चेअरमन म्हणाले, "आबा, दूध संस्थेची स्मरणिका निघतीय. पिकलबॉलची कोर्टं कशी झाली ते तुमीच लिव्हा. जरा प्रेरणादायी लिव्हा." म्हणून बसलो. प्रेरणादायीच लिहायला बसलो होतो, देवाशपथ. 'गावाच्या एकजुटीतून' एवढं लिहिलंही — आणि पेन अडलं. कारण ती कोर्टं कशी झाली हे जगात फक्त मला माहीत आहे. बायकोला नाही, पोराला नाही, चेअरमनला नाही. अक्काला तर नाहीच नाही. आजवर हे तोंडातून बाहेर काढलेलं नाही, आज तुम्हाला सांगतो. तुम्ही हसाल. हसा की, पण मधेच उठून जाऊ नका.

मी या संस्थेत उभी हयात दुधाची फॅट मोजली. दुधात पाणी किती, हे मला किटलीचं झाकण उघडताच कळायचं. आणि जमिनीत पाणी कुठं, हे सांगायचा माझा जोडधंदा. मी पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा आणि रानातून सावकाश चालायचं. जिथं खाली पाणी असेल तिथं नारळ आपोआप उभा राहतो. आपोआप — म्हणजे करंगळीकडची बाजू जराशी उचलली की. आता सांगतोच आहे तर हेही सांगून टाकतो.

अगदीच लबाडी नव्हती बरं का. मी आधी रान बघायचो — वारूळ कुठं आहे, उंबर कुठं आहे, भर उन्हाळ्यात कुठल्या बांधाला गवत तग धरून आहे. तिथं पोचलो की करंगळी. बोअरला पाणी लागलं तर लोक मला फेटा बांधायचे. नाही लागलं तर मी म्हणायचो, "एक हात डावीकडं मारायला पायजे होतं." कुणी कधी भांडलं नाही. लई विश्वास लोकांचा. आणि सगळ्यांत जास्त विश्वास अक्काचा.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. नवरा गेल्यापासून वरच्या वस्तीवर एकटी राहते. आई-बाप ऊसतोडीला जायचे तेव्हा पाचटाच्या कोपीत मला सांभाळायला तीच असायची, म्हणून मी शाळेत गेलो आणि ती गेली नाही. पुढं साक्षरता वर्गात मीच तिला वाचायला शिकवलं. मी लई रागवायचो, ती लई हसायची. तिच्या दोन म्हशी होत्या आणि फॅटमध्ये संस्थेत तिचा पहिला नंबर. मी मोजायचो म्हणून नाही — खरंच पहिला. रांगेत उभी राहून मोठ्यानं म्हणायची, "हाय का कुणाची आशी फॅट? दाखवा की!" तिच्या मागं उभे चेअरमन किटली पाठीमागं लपवायचे.

आता पिकलबॉल. गुडघे दाखवायला मी पुण्याला पोराकडं गेलतो. डॉक्टर म्हणाले, चाला. पोराच्या सोसायटीत चालता चालता एका जाळीपाशी थांबलो. आत माझ्याच वयाची माणसं अर्ध्या चड्डीत, हातात पोळपाटासारखी फळी आणि चाळणीसारखा भोकाभोकांचा चेंडू. टॉक — टॉक. एक गडी कमी पडत होता. मला म्हणाले, या काका. मी पायजम्यातच आत गेलो. पहिल्या दिवशी चेंडू माझ्या टोपीला लागला. पण महिना व्हायच्या आत मी एका रिटायर्ड बँक मॅनेजरला हरवलं. हरवलं हो! माणूस इंग्रजीत पुटपुटत घरी गेला. साठी उलटल्यावर मला पहिल्यांदा कळलं, खेळणं म्हणजे काय असतं. लहानपणी उसाच्या फडात कसलं आलंय खेळणं —

नाही, थांबा. हे मी सबब म्हणून लिहायला लागलो. तसं नको. मला खेळायचं होतं, एवढंच खरं आहे.

गावी आलो ते डोक्यात भूत घेऊन. चेअरमनच्या कानाशी लागलो. एका कंपनीचा खेळासाठीचा निधी येत होता, तो खेळासाठीच वापरायचा, नाहीतर परत. झाली नियोजन समिती आणि अध्यक्ष मी, कारण तो खेळ डोळ्यांनी बघितलेला गावात मी एकटा. आमच्या डोंगरपट्ट्यात सपाट जागा म्हणजे वरच्या वस्तीला लागून असलेला संस्थेचा तेवढा एकच तुकडा. दोन कोर्टं ठरली. दक्षिणोत्तर, म्हणजे उगवता-मावळता सूर्य डोळ्यांत जात नाही. मी स्वतः चुन्याच्या रेघा मारल्या. इंजिनियर आला आणि म्हणाला, कोर्टाला थोडा उतार द्यावा लागेल, पाणी साचू नये म्हणून. सगळी समिती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. एक म्हातारबा हात जोडून म्हणाले, "सायेब, साचलं तर साचू द्या की."

कारण ते साल कसलं होतं! कपिलधारला गेलेले लोक धबधब्याच्या जागी कोरड्या कातळावर बसून फोटो काढत होते. गावात टँकर यायचा तो कधी यायचा, कधी नुसता निरोप यायचा. आणि अशा सालात संस्थेची सर्वसाधारण सभा भरली, विषय — पिकलबॉल. मी बोर्डावर चित्र काढून समजावलं. नेटाच्या दोन्ही अंगांना एक पट्टा असतो, त्याला किचन म्हणतात, त्यात उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारायचा नाही, वगैरे. लोक माना डोलावत होते. तेवढ्यात अक्का उठली.

"च्येंडू पिऊन म्हशी जगत्यात का?" म्हणाली.

सभा जी हसली! मीही हसलो, तोंडानं. अक्काचं म्हणणं सरळ होतं. संस्था यंदा एकच बोअर घेणार आहे. तो आमच्या वस्तीला लागून त्या सपाट तुकड्यात घ्या, शेजारी जनावरांना हौद बांधा, वस्तीच्या सगळ्या म्हशी जगतील. कोर्टं नंतर कधीतरी. चेअरमन म्हणाले, पण तिथं पाणी हाय का? अक्का म्हणाली, "त्यात काय, आबा हाय की. त्याच्या हातात खोट न्हाई. नारळ उभा ऱ्हायला तर बोअर, न्हाई ऱ्हायला तर खुशाल च्येंडू हाना."

ठराव पास. एकमतानं. माझंही मत त्यातच धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा गाव जमला. मी अंघोळ करून, गंध लावून, तळहातावर नारळ घेऊन निघालो. तुम्हाला वाटेल मला लई टेन्शन असेल. अजिबात नाही! नारळ उभा करणारा मीच, तर मग न करणाराही मीच. वारूळ नाही, उंबर नाही, नुसता मुरूम — पाणी असायचं कारणच नव्हतं. म्हणजे खोटंसुद्धा बोलावं लागणार नव्हतं. करंगळी आवळून धरली, चुन्याच्या रेघांवरून चाललो. खालचं कोर्ट झालं. काही नाही. वरच्या कोर्टात शिरलो, नेटाची रेघ ओलांडली, वस्तीकडच्या पट्ट्यात आलो —

आणि नारळ उठला.

मी काही केलं नव्हतं हो. करंगळी जागची हलली नव्हती. इतकी वर्षं ज्याला मी उठवत आलो, तो स्वतःहून उठत होता, झोपलेलं लेकरू हाक मारल्यावर उठतं तसा. विज्ञानाचे मास्तर म्हणतील थोतांड. मीही आयुष्यभर मनातल्या मनात तेच म्हणत आलो. पण हात माझा होता आणि वजन मला कळत होतं.

अक्का समोर उभी होती. पदर सावरून, मान पुढं काढून बघत होती. तिला पाठमोरा व्हायला मला किती वेळ लागला असेल? एक श्वास. उन्हाकडं पाठ करतोय असं दाखवून वळलो, अंगठा नारळावर ठेवला आणि दाबला. तो दबेना! खरं सांगतो, दबेना. जोर लावून आडवा केला आणि मग वळून म्हणालो, "कोरडं हाय. खाली समदा काळा पाषाण."

आयुष्यभर खोटा उभा केला आणि खरा उभा राहिला त्या दिवशी आडवा केला. मला त्या क्षणी काय दिसत होतं माहिती आहे? म्हशी नाही, अक्का नाही. निळ्या रंगाचं कोर्ट दिसत होतं आणि नेटापलीकडं तो बँक मॅनेजर.

लोक कुजबुजले. कुणी म्हणालं, आणखी एक फेरी मारा. अक्कानंच त्याला गप्प केलं. "आबा न्हाई म्हणतोय म्हंजी न्हाईच. कावून डोकं खाता त्याचं?" म्हणाली आणि घराकडं वळली.

बोअर मग मी दाखवला त्या दुसऱ्या जागी झाला — झकास वारूळ होतं तिथं. धुरळा निघाला. नुसता धुरळा! मी सवयीनं म्हणालो, एक हात डावीकडं. आणि कोर्टं झाली. नेटाचा खांब पुरायला खड्डा घेतला तेव्हा गवंडी म्हणाला, "आबा, माती वली लागतीय." मी म्हणालो, तुझीच बादली सांडली आसंल. लगेच काँक्रीट ओतायला लावलं. काँक्रीटवर पाणी मारायला टँकर मागवला तेव्हा लोकांनी मला काय काय म्हटलं ते स्मरणिकेत छापता येणार नाही.

अक्कानं त्याच उन्हाळ्यात दोन्ही म्हशी विकल्या. बाजाराला मी सोबत गेलतो. तिनं दावी सोडली, गिऱ्हाइकाला म्हशींची फॅट सांगितली, दोनदा सांगितली, आणि येताना टेम्पोत रिकामी दावी मांडीवर घेऊन बसली. मी तिला रस पाजला. काय करणार होतो? सांगणार होतो का? — टेम्पोत बसल्या बसल्या सांगता आलं असतं. घर येईपर्यंत वेळ भरपूर होता.

आता गंमत ऐका. म्हशी गेल्या, सकाळी काम उरलं नाही, म्हणून अक्का कोर्टावर येऊन बसायला लागली. आठ दिवसांत सगळे नियम पाठ. आता पंच तीच. चेंडू रेघेबाहेर गेला की वस्ती दणाणते — "भायेर!" भाऊ म्हणून मला सवलत नाही. मी एकदा हुज्जत घातली की रेघेला लागला, तर सगळ्यांदेखत म्हणाली, "आबा, खोटं बोलू नकू. तुला जमत न्हाई." लोक पोट धरून हसले. मी पुढचे चार चेंडू नेटात मारले.

आणखी ऐका. किचनच्या पट्ट्यात मी कधीच पाय टाकत नाही. चेंडूचा टप्पा पडला की तिथं जायला परवानगी असते, तरी मी जात नाही, पॉइंट सोडतो. नव्या खेळाडूंना माझं उदाहरण देतात. शिस्त म्हणजे आबांची!

पुढं काँक्रीटला भेग पडली. कुठं? तिथंच. आणि भेगेतून गवत आलं. सगळं रान पापडासारखं वाळलेलं आणि कोर्टात हिरवंगार गवत! मी रोज दिवस उगवायच्या आत जाऊन ते उपटतो, वर झाडलोटही करतो, म्हणजे संशय नको. त्याचंही कौतुक झालं. निष्काम सेवा म्हणून संस्थेनं माझा सत्कार ठेवला, कोर्टावरच. टेबल मांडलं नेमकं त्या पट्ट्यात. शाल घातली, आणि श्रीफळ द्यायला ज्येष्ठ सभासद म्हणून कुणाला बोलवावं? अक्कानं माझ्या तळहातावर नारळ ठेवला. तो उठला का, ते मला माहीत नाही. मी तो झटक्यात शालीत गुंडाळून काखेत मारला. फोटोत मी पोट दुखल्यासारखा दिसतो. बायको म्हणाली, द्या इकडं, चटणी करते. मी नाही दिला.

एक दिवस गवत उपटायचं राहिलं. अक्कानं म्हशींनंतर एक शेळी पाळलीय, ती शेळीच अक्काला ओढत थेट भेगेपाशी घेऊन गेली. अक्का वाकली, गवताला हात लावला. "आबा, हितं कावून हिरवं रे?"

तेव्हा तरी सांगायचं ना? मी म्हणालो, "खेळणाऱ्यांचा घाम पडतोय, अक्का." ती एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. संध्याकाळपर्यंत तिनं ते सगळ्या वस्तीला सांगितलं. आमचा आबा लई हजरजबाबी! तिनं ते खरं मानलं की विनोद म्हणून घेतलं, हेसुद्धा मी विचारलं नाही.

यंदाही पाऊस नाही. टँकर कोर्टाच्या कडेलाच थांबतो. जाळीला लागून घागरींची रांग असते, कधी चेंडू एखाद्या घागरीत पडतो, बायका शिव्या देत परत फेकतात. अक्काची घागरही त्यात असते. ती रांगेतूनच ओरडते — "भायेर!"

तर पाणी वरच्या कोर्टात आहे. वस्तीकडच्या बाजूला, नेटापासून दोन पावलांवर, खांबाच्या अंगाला, जिथं भेग आहे तिथं. मला त्या दिवशी कळलं होतं आणि मी नाही म्हणालो. माझ्या खेळापायी अक्काच्या म्हशी गेल्या.

चेअरमन हे आहे तसं छापतील, कारण छापायच्या आधी ते काही वाचत नाहीत. मागच्या अहवालात त्यांच्याच फोटोखाली 'दुभती जनावरे' असं छापून आलं होतं. आणि स्मरणिका प्रत्येक सभासदाच्या घरी जाते. अक्काकडं आता म्हैस नाही, पण सभासदत्व तिनं सोडलेलं नाही. ती पहिल्या पानापासून वाचते, जाहिरातीसुद्धा सोडत नाही. मी शिकवलं तसं — ओळीखाली बोट धरून, मोठ्यानं. वेळ लागतो तिला. पण ती इथवर येईल.