‘मध्यम’ लिहा, साहेब

एका खुर्चीत फार वर्षं बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपणहून समोर येऊन बसतात. मी नाशिकमधल्या एका वधू-वर सूचक मंडळात फॉर्म भरून घेतो. संध्याकाळी घरी गेलो की दिवसातलं एखादं वाक्य वहीत उतरवतो. बायको म्हणते, "एक तर या वह्या रद्दीत घाला, नाही तर लोकांना सांगून तरी टाका!" म्हणून सांगतो.

आमच्या फॉर्मवर एक रकाना आहे, ‘कुटुंबाची आर्थिक स्थिती’. पुढे चार चौकोन : गरीब, मध्यम, उच्च मध्यम, श्रीमंत. पहिल्या आणि शेवटच्या चौकोनात टिक असलेला फॉर्म मी अजून पाहिलेला नाही!

*

निफाडचे एक द्राक्षबागायतदार मुलासाठी आले. बाहेर त्यांची गाडी उभी, आमचा सगळा दरवाजा अडवून. मी पेन श्रीमंतकडे नेलं, तर त्यांनी माझा हात धरला.

"मध्यम लिवा. श्रीमंत आमचा शेजारी! गच्चीला काचेचं रेलिंग हाय त्याच्या."

पंधरा दिवसांनी तो शेजारीच मुलीचं नाव नोंदवायला आला. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "मध्यम. आमच्या शेजाऱ्यासारखी गाडी कुठं हाय आपल्याकडं?"

*

गंगापूर रोडचे वझे बँकेतून रिटायर झालेले. ते ‘उच्च मध्यम’वर ठाम होते.

मी विचारलं, "मध्यम आणि उच्च मध्यम यात फरक काय धरायचा?"

"सोपं आहे. आमच्याकडे पोळ्यांना बाई आहेत."

शेजारी बसलेल्या मिसेस वझे हळूच म्हणाल्या, "दोन्ही वेळच्या लिहा!"

*

आमच्या भामरेबाई स्थळांची घरं बघायला जातात. त्यांचं माप वेगळं. "पगार काहीही सांगू देत. फ्रिज हॉलमध्ये असेल तर मध्यम, स्वयंपाकघरात असेल तर उच्च मध्यम."

ऑफिसची झाडलोट करणाऱ्या कमलमावशी फडकं थांबवून म्हणाल्या, "बाई, माझी एकच खोली. फ्रिज हॉलमधीबी हाय अन् स्वयंपाकघरातबी! मी कोण?"

भामरेबाईंनी पुढच्या स्थळाचा पत्ता शोधायला घेतला.

*

मावशी घोटीकडच्या. नवरा गेल्यावर इथे आल्या, एकटीने मुलगी शिकवली. वैशाली आता नर्स आहे. तिचं एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं. मग मुलाकडच्यांना आई काय करते ते कळलं, आणि त्यांनी पुन्हा फोन उचलला नाही.

त्यानंतर पवारांचं स्थळ आलं. मुलगा लॅब टेक्निशियन, वडील नाहीत, आईच्या नावापुढे ‘गृहिणी’. वैशालीला मुलगा मनापासून आवडला होता.

नवा फॉर्म भरताना मावशी म्हणाल्या, "साहेब, बाकी कायबी लिवा, पण गरीब नका लिवू." मी मध्यमला टिक केली. आईचा व्यवसाय : खाजगी कार्यालयात नोकरी. ते काही खोटं नव्हतं.

पवार मायलेक घरी यायचे ठरले आणि आमचं ऑफिस कामाला लागलं. मी चादर दिली. भामरेबाईंनी कपबशा आणि त्यांचा मोठा स्टीलचा ट्रे दिला.

वैशाली चिडली. "आई, खोटं काही करायचं नाही हं!"

"खोटं काय त्यात? ट्रे खराच हाय ना!"

*

रविवारी मध्यस्थ म्हणून मी मावशींच्या खोलीत हजर होतो. पवारबाई कमी बोलणाऱ्या. मुलगा वैशालीकडे बघायचं टाळत होता, म्हणजे सगळं ठीक होतं. वैशालीने पोहे आणले. पवारबाईंनी बशी उचलली आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

ट्रेच्या मधोमध नाव कोरलेलं होतं : सौ. सुमन भामरे.

भांड्यावर नाव असतं, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं! आणि मी रजेवर असताना पवारबाईंचा फॉर्म भामरेबाईंनीच भरून घेतला होता, म्हणजे नाव ओळखीचं. पवारबाई ते नाव पुन्हा वाचत होत्या. मावशींचा चेहरा पांढरा पडला. वैशाली खाली बघू लागली.

मी घाईने पाण्याचा पेला पवारबाईंपुढे सरकवला.

पवारबाईंनी बशी खाली ठेवली. पिशवीतून बेसनाच्या लाडवांचा स्टीलचा डबा काढला आणि नाव मावशींना दिसेल असा फिरवून ट्रेशेजारी ठेवला.

सौ. माधुरी वझे, गंगापूर रोड.

"ताई," पवारबाई म्हणाल्या, "डबा लगेच रिकामा करून द्या हं. उद्या सकाळी कामावर जाताना परत न्यायचाय."