उशीतले दोनशे चाळीस

“तूच घाल तिच्या तोंडात,” बंगल्याच्या मालकीण माईसाहेब अम्माला म्हणाल्या.

मला शिवायचं नव्हतं त्यांना, म्हणून अम्माला सांगितलं. आणि अम्मानं मूठभर कापूस माझ्या तोंडात घातला. माझ्या स्वतःच्या आईनं. 

“गाद्या शिवून होईपर्यंत अशीच उभी राहा. कापूस फार आवडतो ना!”

मी अकरा वर्षांची होते. लोणावळ्यातल्या त्या बंगल्याच्या अंगणात चैत्राच्या उन्हात उभी राहिले. कापूस तोंडातली सगळी ओल ओढून घेतो. जीभ टाळ्याला चिकटते. नाकानं श्वास घ्यावा तर नाकात धूळ. खोकला आला तरी तोंड उघडायचं नाही. बंगल्यातली पोरं जिन्यावर बसून हसत होती. एकूण अठरा गाद्या होत्या. त्यांतल्या सात शिवायच्या राहिल्या होत्या.

काय केलं होतं मी, ते सांगते.

आम्ही पिंजारी. गादीतला दबून गाठी झालेला कापूस बाहेर काढायचा, पिंजणाच्या धनुष्याला ताणलेल्या तातेनं फुलवायचा आणि पुन्हा भरायचा. पिंजायचं काम अब्बांचं, शिवायचं अम्माचं. पिंजताना थोडा कापूस उडतो, जमिनीवर पडतो, धूळकाडीत मिसळतो. त्याला आम्ही झाडण म्हणतो. झाडण पिंजाऱ्याची, ही रीत सगळीकडे. पण आधी पिंजलेला कापूस मालकिणीसमोर तोलायचा, तिनं ‘न्या’ म्हणायचं, मग झाडण गोळा करायची. मी तोलायच्या आधीच उचलली. मूठभर. परकराच्या ओच्यात खोचली. अम्मा सतत सांगायची, एक तंतू वाया जाऊ द्यायचा नाही. ते एवढं डोक्यात बसलं होतं की पुढचं विसरले.

तराजूत कापूस सव्वा शेर कमी भरला. वर्षभर वापरलेल्या गाद्यांतून तेवढी धूळ निघतेच, कुठलाही पिंजारी सांगेल. माईसाहेबांनी ऐकलं नाही. आधी अम्माला चारचौघांत पदर झटकायला लावला. मग माझा ओचा. ओच्यातून तो मूठभर कापूस खाली पडला.

माईसाहेबांचे यजमान नानासाहेब व्हरांड्यात आरामखुर्चीत बसले होते. मुंबईच्या कुठल्याशा कचेरीतून पेन्शन घेऊन आलेला गोरापान माणूस. ते अब्बांना म्हणाले, “असं चोरून चोरून कर्ज फेडणार वाटतं? किती मुठी लागतील, हिशेब केलास का?”

माळी हसला. स्वयंपाकीण हसली. अब्बा खाली बघत तात ताणत राहिले. माझ्याकडे एकदासुद्धा बघितलं नाही त्यांनी. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. नंतर तो राग जिथं जायला हवा होता तिथं गेला.

घर गहाण होतं आमचं. स्टेशनच्या रस्त्यावरचं, दोन खोल्या आणि पुढं पिंजायचा ओटा. मानमोडीच्या तापाची साथ आली त्या साली माझे दोन भाऊ गेले आणि अब्बा तीन महिने अंथरुणावर होते. तेव्हा नानासाहेबांकडून दोनशे चाळीस रुपये घेतले. कागद झाला तो असा: पाच वर्षांत रक्कम परत केली तर घर आमचं. पाच वर्षांवर एक दिवस गेला की घर नानासाहेबांचं. आणि व्याज म्हणून दर चैत्रात, उन्हाळ्याचे पाहुणे यायच्या आधी, बंगल्यातल्या साऱ्या गाद्या फुकट पिंजून द्यायच्या. तो दुसरा चैत्र होता. अजून तीन उरले होते.

गाद्या शिवून झाल्यावर मी कापूस थुंकायला गेले तर अम्मानं हात पुढं केला. “हितं दे.” तो ओला गोळा तिनं पदरात बांधून घरी आणला. उन्हात वाळवला. एका जुन्या उशीची शिवण उसवून आत भरला.

मग अब्बा पहिल्यांदा बोलले. “मेलेल्याच्या नाकातोंडाला कापूस लावत्यात. माझ्या जित्या पोरीला लावला त्यांनी.” ती उशी उचलून मांडीवर घेतली. “मुदतीची वाट बघायची न्हाई, आधीच फेडायचं. जेवढं चैत तोडता येतील तेवढं तोडायचं.”

त्या दिवसापासून आमच्या घरात नियम झाला. जे खायचं नाही, घ्यायचं नाही, त्याचा पैसा त्याच दिवशी उशीत टाकायचा. पैसा वाचला असं म्हणून चालत नाही. वाचलेला पैसा चार दिवसांत दुसरीकडून निघून जातो. म्हणून गूळ बंद केला, गुळाचा पैसा उशीत. रॉकेल बंद केलं आणि दिवस मावळायच्या आत जेवायला लागलो, रॉकेलचा पैसा उशीत. अब्बा कामाला कुसगाव, मळवली, कामशेत, पार आंबीपर्यंत जायचे. पिंजण खांद्यावर घेऊन पायी जायचे आणि आल्यावर रेल्वेच्या तिकिटाचे पैसे उशीत टाकायचे. रेल्वेला काय मिळायचं ते उशीला मिळायचं. ईदला गोश्त नाही. अम्मानं नाचणीच्या पिठात गुळाऐवजी करवंदं कुस्करून आम्हाला दिली. आंबट ईद. गोश्ताचा पैसा उशीत.

सरपण विकत घेत नव्हतो. घाट चढवणाऱ्या इंजिनांची राख जिथं टाकायचे तिथं मी पहाटे जायची आणि अर्धे जळालेले कोळसे वेचून आणायची. हात भाजायचे. बोटांवर ते डाग अजून आहेत. झाडणीतली धूळ पाखडून अम्मा लहान लहान उशा शिवायची, वितीएवढ्या. गाडी स्टेशनात थांबली की मी त्या खिडकीखाली धरायची. “मानेखाली घ्या, बाईसाहेब, दोन आणे!” लांबचे लोक घ्यायचे.

पैसे साठले की अब्बा वाण्याकडून चांदीचे रुपये करून आणायचे, अम्मा ते कापसात खोलवर घालून उशी शिवून टाकायची. त्या उशीवर अब्बा झोपायचे. एकदा मी विचारलं, “अब्बा, टोचत न्हाई का?”

“टोचतंय की. टोचू दे.”

तिसऱ्या चैत्रात पुन्हा त्या अंगणात जावं लागलं. अठरा गाद्या. मी झाडणीला हात लावला नाही. हात पाठीशी बांधून उभी होते. माईसाहेब येता-जाता म्हणाल्या, “आज तोंड रिकामंच दिसतंय.” मी घरी येऊन उशी दाबून बघितली, किती भरली ते.

त्याच पावसाळ्यात अब्बांचा खोकला वाढला. सरकारी डॉक्टरनं छाती ऐकली आणि सांगितलं, कापूस बंद कर, आणि रोज पावशेर दूध पी. कापूस बंद करता येत नव्हता. दूध घेता आलं असतं. अब्बा रोज संध्याकाळी उशीजवळ जायचे, एक आणा आत सरकवायचे आणि मिश्यांवरून हात फिरवून म्हणायचे, “झालं. प्यालो दूध.” आम्ही हसायचो. मी पण हसायची. ते हसणं आठवलं की आज स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

चौथ्या चैत्राला महिना होता तेव्हा उशी भरली. दोनशे चाळीस. मुदतीला अजून पावणेदोन वर्षं होती. अब्बा आणि मी उशी घेऊन बंगल्यावर गेलो. माळी म्हणाला, साहेब घरात नाहीत. दुसऱ्यांदा गेलो, साहेब झोपलेत. तिसऱ्यांदा नानासाहेब व्हरांड्यात समोरच दिसले, म्हणून त्यांची सुटका नव्हती.

“एवढी घाई कसली? मुदत पुष्कळ आहे. हे पैसे ठेवा, पोरीचं लग्न करा.”

“मोजून घ्या, सायेब,” अब्बा म्हणाले.

“पिंजाऱ्याच्या उशीत हात घालू मी? चल, नीघ.”

फाटकापर्यंत माळी सोडायला आला. तिथं हळूच म्हणाला, “आबा, मुंबईचा शेट जागा बघून गेलाय तुमची. हाटेल काढायचं म्हनतोय. सायेबांनी शबुद दिलाय त्याला.” तेव्हा कळलं. त्यांना पैसे नकोच होते. आम्ही ते चैनीत उडवावेत, आजारपणात घालवावेत आणि मुदतीच्या दिवशी रिकाम्या हातानं दारात यावं, एवढंच हवं होतं.

वडगावला कोर्टाबाहेर अर्ज लिहून देणारा एक म्हातारा बसायचा. त्याची गादी अब्बांनी कधीतरी पिंजली होती. त्यानं सांगितलं, “रक्कम कोर्टात भरा. कोर्ट नोटीस काढील. मग साहेबाला कागद घेऊन यावंच लागेल.” लोणावळ्याहून वडगावला आम्ही पायी गेलो. दोनदा. दोन्ही वेळचं तिकीट अब्बांनी उशीत टाकलं, अर्जाचा खर्च त्यातून निघाला.

तारखेला नानासाहेब आले. कोट, पागोटं, काठी. कारकुनानं रुपये टेबलावर मांडले. नाण्यांना कापसाचे तंतू चिकटले होते. नानासाहेब म्हणाले, “बरोबर असतील. द्या इकडं, सही करतो.”

तेव्हा मी बोलले. तेरावं लागलं होतं मला. कोर्टात बोलायचं की नाही हे ठाऊक नव्हतं.

“आसं न्हाई. मोजून घ्या. आमी घरी गेल्यावर सव्वा शेर कमी भरलं म्हनायचं न्हाई.”

अब्बांनी माझा दंड धरला. पण कारकून मान वर न करता म्हणाला, “मुलगी बरोबर बोलतेय. मोजा.”

नानासाहेबांनी मोजले. एक एक करून दोनशे चाळीस. सगळे बघत होते. तंतू त्यांच्या बोटांना चिकटले, ते झटकत होते, ते पुन्हा चिकटत होते. मी समोर उभी राहून प्रत्येक आकडा ओठांत म्हटला. त्यांतले किती रुपये दुधाचे होते हे मला माहीत होतं. माझ्या बापाचं दूध त्यांनी माझ्यासमोर मोजून घेतलं.

चौथ्या चैत्रात आम्ही गेलो नाही. पाचव्यातही नाही. माळी बोलवायला आला, दुप्पट मजुरी देतात म्हणाला. अब्बा म्हणाले, “त्या घरची गादी आमच्या तातंला लागनार न्हाई.” पाचव्या चैत्रानंतरच्या पावसाळ्यात ते गेले. छातीत कापूस भरला होता. स्वतःच्या घरात, त्या रिकाम्या उशीवर मान टेकून गेले. लोक म्हणाले, सुखानं गेला. मी म्हणते, पावशेर दुधावाचून मारलेला माणूस सुखानं जात नाही. नानासाहेबांनी मारलं त्याला. कोर्टात शिक्षा व्हावी असं काही नव्हतं त्यात, पण मी विसरले नाही.

पिंजण मी उचललं. बाईमाणसानं पिंजण धरायचं म्हणून लोक हसले. हसू दिलं. लग्न केलं तेही याच घरात राहील अशा माणसाशी. गावात दुसरा पिंजारी उरला नव्हता. बंगल्याच्या गाद्या वर्षानुवर्षं तशाच दबत गेल्या.

जर्मनशी परवाची लढाई सुरू झाली त्या साली तोच माळी हातगाडीवर एक गादी घेऊन माझ्या ओट्यासमोर आला. तोही म्हातारा झाला होता.

“सायेब अंथरुनाला खिळल्यात, बाई. गादीत दगडावानी गाठी झाल्यात. पाठीला जखमा पडल्यात. कळवळत्यात. तुज्या हातानं एवढी पिंजून दे. मागशील ते पैसं देतील.”

मी गादीवर हात फिरवला. अब्बांनीच पिंजलेली होती, अम्माचे टाके होते. गाठी खरंच होत्या.

“देते की पिंजून,” मी म्हणाले. “पैसं नकोत. माईसायबांना घेऊन या. मी गादी शिवून होईस्तवर त्यांनी हितं, ओट्याम्होरं, तोंडात कापूस धरून उभं ऱ्हायचं.”

माळ्याचं तोंड पडलं. “म्हातारी बाई हाय गं ती.”

“मी अकरा वर्सांची व्हते. तुमी हसला व्हता.”

त्यानं गाडी वळवली आणि गेला. अम्मा आत बसली होती. तिनं सगळं ऐकलं, पण मला बोल लावला नाही. शेजारच्यांनी लावला. दगडाच्या काळजाची म्हणाले. असेन. अडीच महिने नानासाहेब त्याच गाठींवर पडून होते, आणि त्याच गादीवर गेले. मला वाईट वाटलं का, असं विचारतात लोक. नाही वाटलं. मी त्या दिवसांत रोज पावशेर दूध घेतलं आणि ओट्यावर बसून सगळ्यांदेखत प्याले.

माईसाहेब आहेत अजून. त्याही आता अंथरुणाला लागल्यात, कळतं मला. त्यांची गादी कधी ना कधी या ओट्यावर येणार. माझी अट तीच आहे.

अब्बांची ती उशी मी परवा उसवली. तळाशी एक गोळा होता, पिवळा पडलेला, माझ्या तेव्हाच्या थुंकीनं घट्ट झालेला. तो मी पिंजला नाही. कोनाड्यात काढून ठेवलाय, माईसाहेबांसाठी.