दौलतभाऊ आणि माझं लाटणं

दौलतभाऊ आमच्या दारात आले की पाणी मागायचे नाहीत, चहा मागायचे नाहीत. लाटणं मागायचे. पहिल्यांदा मागितलं तेव्हा मी विचारलं, "पोळ्या कराच्या हायेत का तुमाले?"

"नाही जी वहिनी, गाडीची छाती तपासाची हाय."

लाटण्याचं एक टोक इंजिनाला टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, आणि डोळे मिटून उभं राहायचं. मध्येच कोणी बोललं तर ओरडायचे, "चूप ना बे! ते बोलून राहिली." ते म्हणजे इंजिन. स्वतःचा दांडका का आणत नाही म्हटलं तर म्हणाले, "तुमचं शिसवीचं हाय. आवाज साफ येते." लाटणं माझ्या माहेरचं होतं. राखेने घासून परत द्यायचं, एवढी अट मी घातली. घासून द्यायचे, पण तेलाचा वास काही जात नसे.

दौलतभाऊ तुमसरकडचे, शेतकऱ्याच्या घरचे. भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा तिथल्या मोटारदुरुस्तीच्या शेडमध्ये लागले आणि सेक्टर दोनमध्ये त्यांना क्वार्टर मिळालं. अंगाने काडी, आवाज मात्र भोंग्यासारखा. "अख्ख्या भिलाईत असा कान नाही," असं स्वतःच सांगायचे. मी एकदा म्हटलं, "कान असंल, पण तोंड त्याच्याहून मोठं हाय." त्यावर ते स्वतःच सगळ्यात जास्त हसले.

माझे मालक एका ठेकेदार शेठकडे ड्रायव्हर होते. शेठच्या बंगल्यामागच्या खोलीत आम्ही राहायचो. दौलतभाऊ मालकांचे दोस्त, शेठची गाडी पाहायला तिथेच यायचे. नोकरी गेली की खोली गेली, असा साधा हिशेब. माझ्या पोटात तेव्हा थोरली होती.

शेठने कलकत्त्याहून एक जुनी अमेरिकन गाडी आणली होती. तिला क्लचच नव्हता. स्टिअरिंगपाशी एक दांडी होती आणि तिच्यासमोर इंग्रजी अक्षरांच्या खुणा. दांडी 'डी'वर आणली की गाडी आपोआप गिअर घेऊन पुढे निघायची. मालकांना इंग्रजी येत नव्हतं, ते खुणेची जागा ओळखायचे. "डावा पाय बिनकामाचा झाला," म्हणायचे आणि खूष असायचे.

विश्वकर्मापूजेला कारखान्यात सगळ्या यंत्रांची पूजा होते. दौलतभाऊंनी तिकडची पूजा उरकली आणि हळदकुंकू घेऊन आमच्या अंगणात आले. गाडीचं बॉनेट उघडून आत लाल नाडा बांधला, नारळ फोडला, मलाही प्रसाद दिला. शेठही खूष झाला.

त्यानंतर काही दिवसांनी गाडी अडायला लागली. दांडी 'डी'वर आणली की इंजिन नुसतं गुरगुरायचं. गाडी कधी बऱ्याच वेळाने धक्का देऊन निघायची, कधी निघायचीच नाही. एक दिवस शेठ आत बसलेला असताना ती कारखान्याच्या फाटकातच उभी राहिली. मागे सिमेंटचे ट्रक अडले आणि ट्रकवाले शिव्या द्यायला लागले. शेठ खाली उतरला आणि मालकांना म्हणाला, "कल दोपहर तक ठीक हुई तो हुई, नहीं तो बेच दूँगा। गाड़ी नहीं तो ड्राइवर किसलिए?"

दुसऱ्या दिवशी दौलतभाऊंची सुट्टी होती. सकाळीच आले. इंजिन चालू ठेवूनच त्यांनी गिअरपेटीच्या तेलाची पट्टी ओढली, तेल बोटावर घेतलं, हुंगलं. "लाल हाय, जळाल्याचा वास नाही. तेल बरोबर हाय." मग माझं लाटणं घेऊन खाली झोपले आणि पेटीला कान दिला. बराच वेळ झाला. उठले तेव्हा तोंड पडलेलं होतं.

"आतून खरखर तर नाही. पण दुसरं काय असंल? पेटीच उतरवा लागते. अशी पेटी इथं कोनी खोलली नाही. कलकत्त्याले धाडा लागंल."

मी म्हटलं, "मंग आमी गावाकडं चाललो म्हना की! एवढा कान घेऊन काय केलं तुमी?" मला सकाळपासून काही खाववलं नव्हतं. शेठ व्हरांड्यात पेपर वाचत बसला होता, पण लक्ष आमच्याकडेच होतं.

मालक चिडून गाडीत बसले. दांडी 'डी'वर आणली, काही नाही. रागाने तिला आणखी खाली ढकललं, 'डी'च्याही पुढच्या खुणेवर. तशी गाडी उसळली आणि माझा कपडे वाळवायचा बांबू साड्यांसकट आडवा केला. मी ओरडले. दौलतभाऊ मात्र टाळ्या पिटायला लागले.

"जित्ती हाय! पेटी जित्ती हाय, वहिनी!"

"माह्या साड्या मेल्या ना पन!"

"साड्या धुवून देतो मी." मग मालकांकडे वळले, "अबे, समजून घे. तू 'डी' म्हनतं, तिले आयकू येत नाही. तू एक घर पुढं जातं, तवा तिले 'डी' आयकू येते. पेटी चांगली हाय, निरोप पोचून नाही राहिला."

दांडीपासून पेटीपर्यंत एक रॉड जातो. निरोप नेतो तो हा रॉड. दौलतभाऊंनी बॉनेट उघडून तिथे डोकं घातलं. बाहेर आले ते हातात तेलाने काळा झालेला, फुगलेला एक गोळा घेऊन. पूजेचा नाडा. त्यांनीच रॉडच्या सांध्याला बांधलेला. तो आत शिरून बसला होता आणि त्याने रॉड बोटभर सरकवला होता.

मालक हळूच म्हणाले, "खिशात टाक, लेका. शेठले काय समजते?"

खरंच समजलं नसतं. उलट शेठने बक्षीस दिलं असतं. दौलतभाऊ तो गोळा तसाच हातावर घेऊन व्हरांड्यापाशी गेले. "शेठजी, गाड़ी ठीक है। बिगाड़ी मैंने थी। पूजा का नाड़ा मैंने गलत जगह बाँधा। इसकी कोई गलती नहीं।"

शेठने नाड्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. "चला के दिखा।"

मालकांनी दांडी 'डी'वर आणली. आतून ठक् असा लहानसा आवाज आला आणि गाडी लोण्यातून सुरी जावी तशी फाटकापर्यंत गेली. मी पायरीवर बसले. शेठ म्हणाला, "अगले साल पूजा पहिए की करना," आणि पुन्हा पेपर उघडला. मी आत जाऊन रात्रीची पोळी मीठ-तेल लावून उभ्याउभ्याच खाल्ली. तशी चव पुन्हा कुठल्या पोळीला आली नाही.

त्या दिवसानंतर दौलतभाऊंच्या तोंडी एक नवं बोलणं आलं. कोणी काहीही बिघडलं म्हणून आलं की म्हणायचे, "पहिले आपला हात कुठं लागला ते पाहा. कान मंग लावू." मी विचारायची, "तुमाले कावून नाही आठवला तवा नाडा?" तर म्हणायचे, "देवाचं काम केलं होतं ना वहिनी. तिथं चूक असंल असं वाटतच नाही मानसाले."

साड्या मात्र धुतल्या नाहीत त्यांनी. बायकोला धुवायला लावल्या.

रिटायर होऊन तुमसरकडे निघाले तेव्हा भेटायला आले. "लाटनं देता का? आठवन म्हनून." मी म्हटलं, "मंग पोळ्या कायनं लाटू?" मोठ्याने हसले, चहा पिऊन गेले. नंतर ते वारल्याचं कळलं. मी रडले नाही. भरपूर जगले, कोणाचं वाईट केलं नाही, आणि केलं ते स्वतः जाऊन सांगितलं.

आता आम्ही भिलाईतच स्मृती नगरात राहतो. परवा मुलाच्या घरातला मिक्सर बंद पडला. सून मिस्त्रीला फोन लावत होती. मी विचारलं, "काल कोनी धुतलं होतं?" ती थांबली, भांडं काढून पुन्हा नीट बसवलं. चालू झाला.

पोळ्यांना मी अजून तेच लाटणं घेते. शेठकडे होतो तोवर मालक रोज सकाळी गाडी काढायचे तेव्हा मी ते हातात धरून थांबायची. बाहेर गाडीचं ठक् झालं की पुढची पोळी लाटायला घ्यायची.